‘आमच्याकडे हेच चालतं’: क्लायंटची बंधनं आणि वेबचं काम

या व्याख्यानमालेत माझ्याकडून तर्कशास्त्र, फार तर नीतिशास्त्र, एवढंच ऐकायची तुम्हाला सवय आहे. आज विषय वेब डेव्हलपमेंटचा आहे. वेबसाइट बांधणाऱ्या माणसाला त्याचा क्लायंट सांगतो की हे तंत्रज्ञान वापरायचं, ते वापरायचं नाही. त्या चौकटीत राहून काम कसं करावं, हा आजचा प्रश्न. मी प्रोग्रॅमर नाही. पण माझे बरेच विद्यार्थी तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन शेवटी याच धंद्यात शिरले (दुसरीकडे कुठे जाणार होते म्हणा), आणि ते घरी येऊन जी तक्रार करतात ती मला तांत्रिक कमी आणि तर्कशास्त्रीय जास्त वाटत आली आहे.

तक्रारीचं स्वरूप साधारण असं असतं. ‘सर, आमच्या क्लायंटच्या सर्व्हरवर जुनंच पीएचपी आहे, बदलू देत नाहीत.’ ‘सर, बाहेरच्या सर्व्हरवरून एकही फाइल येता कामा नये म्हणतात.’ ‘सर, त्यांच्या ऑफिसात अजून जुनाच ब्राउझर आहे आणि साइट त्यातच चालली पाहिजे.’ आणि मग शेवटी एक वाक्य, जे सगळ्यांचं सारखं: ‘का विचारलं तर म्हणतात, आमच्याकडे हेच चालतं.’

आधी एका शब्दाचा गोंधळ दूर करू. वकिलाचा क्लायंट म्हणजे अशील, दुकानदाराचं ते गिऱ्हाईक. वेबच्या धंद्यात मात्र ‘क्लायंट’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, पैसे देऊन काम करून घेणारा. दुसरा, ‘क्लायंट-सर्व्हर’ या जोडीतला क्लायंट, म्हणजे वाचणाऱ्याच्या हातातला ब्राउझर. पहिला क्लायंट मीटिंगला येतो, चहा पितो, बिल देतो. दुसऱ्या क्लायंटच्या मागे बसलेला माणूस मीटिंगला कधीच नसतो. आज आपण ज्या बंधनांविषयी बोलणार आहोत ती पहिला क्लायंट घालतो आणि बहुतेक वेळा भोगतो दुसऱ्याच्या मागचा माणूस. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तर्काकडे. आपल्या न्यायदर्शनात अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर दिसतो, हा हेतू. जिथे धूर असतो तिथे आग असते, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. तसाच धूर या डोंगरावर आहे, हा उपनय. म्हणून इथे आग आहे, हे निगमन. क्लायंट काय करतो? तो फक्त प्रतिज्ञा ठेवतो. ‘जावास्क्रिप्ट चालणार नाही.’ संपलं. हेतू सांगत नाही, आणि अनेकदा त्याला तो ठाऊकही नसतो. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी पूर्ण अनुमान केलेलं असतं, तो माणूस निवृत्त होतो, कारणं त्याच्याबरोबर जातात आणि ऑफिसात निगमन तेवढं शिल्लक राहतं.

तेव्हा माझं आजचं म्हणणं एवढंच आहे: बंधन पाळायचं की त्याच्याशी भांडायचं हा पहिला प्रश्नच नव्हे. पहिला प्रश्न, याचा हेतू काय होता आणि तो अजून जिवंत आहे का? कारण हेतूच तुम्हाला सांगतो की बंधन नेमकं कुठपर्यंत पोचतं आणि कुठे संपतं.

याची एक जिवंत हेतूची केस बघू. इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर आली. सातवी यायला २००६ चा ऑक्टोबर उजाडला. मधली पाच वर्षं जगातल्या बहुसंख्य संगणकांवर हाच ब्राउझर होता, आणि त्या पाच वर्षांत सरकारी कचेऱ्यांनी, बँकांनी, कंपन्यांनी आपली अंतर्गत कामाची सॉफ्टवेअर्स त्यालाच धरून बांधून घेतली. हा ब्राउझर खोडकर होता. पानावर डावीकडे सरकवलेल्या चौकटीला दहा बिंदूंची मोकळी जागा सांगितली तर काही वेळा हा वीस सोडायचा. त्यावर उपाय काय, तर त्या चौकटीला ‘तू ओळीतली हो’ असं सांगायचं. प्रमाण नियमानुसार अशा चौकटीवर या आज्ञेचा काहीही परिणाम व्हायला नको. पण या ब्राउझरमध्ये ती आज्ञा दिली की जागा बरोबर पडायची. का? मला विचारू नका. डेव्हलपर मंडळी ते मंत्रासारखं पाठ करत.

जानेवारी २०१० मध्ये गूगलवर आणि इतर कंपन्यांवर झालेल्या हल्ल्यात एक्सप्लोररमधली त्रुटी वापरली गेल्याचं उघड झालं. जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी सुरक्षा यंत्रणांनी नागरिकांना सल्ला दिला की दुरुस्ती येईपर्यंत दुसरा ब्राउझर वापरा. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सहा हजारांहून जास्त लोकांनी सह्या करून सरकारकडे मागणी केली की खात्यांमधून एक्सप्लोरर सहा काढून टाका. जुलैअखेर सरकारचं उत्तर आलं: नाही. त्यांचं म्हणणं असं होतं की ब्राउझर बदलायचा तर त्यावर चालणारी सगळी वेब-सॉफ्टवेअर्स पुन्हा तपासावी लागतील, त्याला महिने लागतील, खर्च करदात्यांच्या पैशातून होईल. त्यापेक्षा आहे तो ब्राउझर ठेवून त्याभोवती फायरवॉल आणि विषाणू-तपासणी ठेवणं किफायतशीर आहे.

डेव्हलपर जगात या उत्तराची पुष्कळ चेष्टा झाली. मला मात्र ते उत्तर आवडतं. मान्य आहे म्हणून नाही, पूर्ण आहे म्हणून. प्रतिज्ञेबरोबर हेतू दिला आहे. आता त्याच्याशी वाद घालता येतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच्या आत काम करता येतं. हा हेतू कशाबद्दल आहे? खात्याच्या आतली सॉफ्टवेअर्स तपासण्याच्या खर्चाबद्दल. म्हणजे या कर्मचाऱ्यांना तुमची नवी साइट त्या ब्राउझरमध्ये वापरता आली पाहिजे, एवढं यातून निघतं. ती त्यात नव्या ब्राउझरसारखीच हुबेहूब दिसली पाहिजे, हे यातून निघत नाही. ‘चाललं पाहिजे’ आणि ‘सारखंच दिसलं पाहिजे’ या दोन वेगळ्या प्रतिज्ञा आहेत, आणि दुसरीला कुणीच हेतू दिलेला नसतो. माझे विद्यार्थी ज्या रात्री जागवत तो बराचसा वेळ या दुसऱ्या, निराधार प्रतिज्ञेपायी जात असे. गोल कोपरे, पारदर्शक चित्रं, सावल्या. क्लायंटने ते मागितलेलंही नसे, यांनीच गृहीत धरलेलं.

यावर मायक्रोसॉफ्टनेच एक सोय ठेवली होती. एचटीएमएलमध्ये शेरा लिहिता येतो. ब्राउझर तो वाचतो आणि सोडून देतो. एक्सप्लोररच्या पाचव्यापासून नवव्या आवृत्तीपर्यंत एका विशिष्ट ढंगाने लिहिलेला शेरा फक्त एक्सप्लोरर आज्ञा म्हणून वाचायचा, बाकीच्यांना तो शेराच. म्हणजे जुन्या ब्राउझरसाठीची ठिगळं वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची आणि ती फाइल फक्त त्यालाच दाखवायची. हेतू संपला की ती एक ओळ पुसायची, बाकी पानाला धक्का लागत नाही. बंधनासाठी केलेली तडजोड कुठे ठेवावी, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आता हेतू मेला आणि नियम जिवंत राहिला, अशी केस. ही दक्षिण कोरियाची आहे आणि मी तिच्यावर जरा रेंगाळणार आहे, कारण इथे सगळा देशच एका बंधनात वीस वर्षं अडकला.

नव्वदच्या दशकात अमेरिका मजबूत सांकेतिकीकरणाला शस्त्रास्त्रांसारखं मानत असे आणि त्याच्या निर्यातीवर बंदी होती. अमेरिकेबाहेर जे ब्राउझर मिळत त्यांची किल्ली ४० बिटांची. ४० बिट म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड, पण संगणकाला किरकोळ. १९९५ मध्येच फ्रान्समधल्या एका संशोधकाने संस्थेतल्या शंभरेक संगणकांच्या मदतीने असा एक संदेश आठ दिवसांत फोडून दाखवला होता. अशा कुलपावर बँका कशा चालवणार? कोरियाने स्वतःचं १२८ बिटांचं कुलूप बनवलं. त्याचं नाव सीड. तिथल्या सरकारी माहिती-सुरक्षा संस्थेने ते १९९८ साली तयार केलं. निर्णय शहाणपणाचा होता, मी तर म्हणेन स्वाभिमानाचा होता.

पण सीड कुठल्याच ब्राउझरमध्ये नव्हतं. मग ते बाहेरून बसवायचं. त्यासाठी ॲक्टिव्हएक्स नावाचं मायक्रोसॉफ्टचं तंत्र वापरलं: पान उघडलं की एक छोटा प्रोग्रॅम वापरणाऱ्याच्या संगणकावर उतरतो आणि तिथे चालतो. हे तंत्र फक्त विंडोजवर, फक्त एक्सप्लोररमध्ये. १९९९ मध्ये इलेक्ट्रॉनिक सहीचा कायदा आला, त्यानुसार मान्यताप्राप्त प्रमाणपत्रं आली, आणि बँकेचा व्यवहार किंवा मोठी ऑनलाइन खरेदी करायची तर हे प्रमाणपत्र लागू लागलं. म्हणजेच ॲक्टिव्हएक्स, म्हणजेच एक्सप्लोरर, म्हणजेच विंडोज. साखळी बघा. कायद्यात कुठेही ‘एक्सप्लोरर वापरा’ असं लिहिण्याची गरज पडली नाही.

आणि हेतूचं काय झालं? जानेवारी २००० मध्ये अमेरिकेने निर्यातीची बंधनं सैल केली. १२८ बिटांचे ब्राउझर जगभर मिळू लागले. ज्या धुरावरून आगीचं अनुमान केलं होतं तो धूरच नाहीसा झाला, तेही वर्षा-दोन वर्षांत. पण तोवर बँकांच्या साइट्स, दुकानं, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था, ते प्रोग्रॅम विकणाऱ्या कंपन्या असं सगळं गाव त्या नियमाभोवती वसलं होतं. कोरिया विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक कीचांग किम यांनी ‘ओपन वेब’ नावाची चळवळ उभी केली आणि दुसऱ्या ब्राउझरलाही प्रमाणपत्र द्या म्हणून २००७ साली दावा लावला. ते हरले.

या प्रकरणातला मला सर्वांत बोचणारा भाग वेगळाच आहे. सुरक्षेसाठी आणलेल्या या व्यवस्थेने लोकांना सवय काय लावली? साइट उघडली, काहीतरी उतरवायला विचारलं, ‘होय’ दाबा. पुढचं आलं, ‘होय’ दाबा. अनोळखी प्रोग्रॅम आपल्या संगणकात घेऊ नये हा सुरक्षेचा पहिला धडा. तो सुरक्षेच्याच नावाखाली विसरायला लावला. हेतू मेल्यावर नियम नुसता निरुपयोगी होत नाही, तो मूळ हेतूच्या विरुद्ध काम करू शकतो.

मार्च २०१४ मध्ये कोरियाच्या राष्ट्राध्यक्षा पार्क ग्युन-हे यांनी एका बैठकीत एका कोटाचं उदाहरण दिलं. तिथली एक लोकप्रिय टीव्ही मालिका चीनमध्ये गाजत होती. नायिकेचा कोट परदेशी लोकांना विकत घ्यायचा होता, पण प्रमाणपत्राच्या अटीमुळे घेता येत नव्हता. प्राध्यापकाचा दावा जे करू शकला नाही ते कोटाने केलं. त्याच वर्षी तीन लाख वॉनवरच्या कार्ड-खरेदीला प्रमाणपत्र सक्तीचं असण्याची अट गेली. कायद्यातलं प्रमाणपत्रांचं खास स्थान मात्र डिसेंबर २०२० मध्ये संपलं.

आता तुम्ही विचाराल, यात त्या बिचाऱ्या डेव्हलपरने काय करायचं होतं? कायदा त्याच्या हातात नाही. क्लायंट म्हणजे बँक, तिच्याही हातात नाही. बरोबर. पण हेतू नीट वाचला तर बंधन व्यवहाराच्या सहीपुरतं आहे. शाखेचा पत्ता, व्याजाचा दर, तक्रारीचा फोन नंबर, या पानांना त्या प्रोग्रॅमची काही गरज नाही. बंधन जिथे लागू आहे त्या खोलीत ते कोंडून ठेवायचं, घरभर फिरू द्यायचं नाही, हे डेव्हलपरच्या हातात असतं. आणि ही गोष्ट क्लायंटच्या परवानगीशिवायही नव्हे, त्याला सांगूनच करता येते. तो सहसा नाही म्हणत नाही, कारण त्याचं काहीच जात नसतं.

आता आपल्या घरातलं उदाहरण घेऊ, कारण मराठीत हे बंधन अक्षरशः अक्षरांमध्ये शिरलेलं होतं.

एका जुन्या मराठी मासिकाच्या सल्लागार मंडळावर मी काही वर्षं होतो. मासिकाला वेबसाइट करायची ठरली. संपादकांनी एकच अट घातली: ‘आमच्या डीटीपीवाल्या ताईंना त्रास द्यायचा नाही. त्या वीस वर्षं ज्या फाँटमध्ये टाइप करतात त्यातच करतील. मजकूर तसाच मिळेल.’ डेव्हलपर म्हणजे माझाच एक जुना विद्यार्थी. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, ‘सर, युनिकोड नाही म्हणजे साइटच नाही. त्यांना समजावा.’

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं थांबतो. छपाईसाठीचे जुने देवनागरी फाँट ही एक चतुर युक्ती होती. संगणकाला फक्त रोमन अक्षरं कळत; मग रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे आकार बसवले. डोळ्यांना ‘मराठी’ दिसतं, पण संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षरांचं निरर्थक कडबोळं. तो फाँट नसलेल्या संगणकावर तेच कडबोळं दिसतं. शोधायला गेलं तर शब्द सापडत नाही. दृष्टिहीन वाचकाचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ते कडबोळंच वाचत बसतं. युनिकोडमध्ये देवनागरी पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून आहे, विंडोजमध्ये ती २००० च्या आवृत्तीपासून आली. मग मासिकं अडून का राहिली? कारण पानं लावायचं पेजमेकर हे सॉफ्टवेअर युनिकोड देवनागरी जाणतच नव्हतं. छपाई जुन्या फाँटवर, म्हणून टायपिंग जुन्या फाँटवर.

मी विद्यार्थ्याला म्हटलं, संपादकांचा हेतू काय आहे? वाचकाला कडबोळं दिसावं हा? मुळीच नाही. ताईंचा हात आणि छपाईची वेळ सांभाळणं, एवढाच. मग बंधन टायपिंगच्या टेबलाशी संपतं. तिथून साइटपर्यंतचा रस्ता तुझा आहे.

त्याने मध्ये कन्व्हर्टर बसवला. जुन्या फाँटचा मजकूर आत, युनिकोड बाहेर. ऐकायला सोपं आहे, आता त्यातली गंमत ऐका. जुन्या फाँटमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. ‘किनारा’ लिहिताना पहिली वेलांटी कागदावर क च्या आधी येते. जुना फाँट तसाच साठवतो. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. ‘स्थिती’मध्ये तर ती वेलांटी उचलून अर्धा स आणि थ या दोघांच्याही पलीकडे नेऊन ठेवावी लागते. रफाराचं उलट. ‘धर्म’मध्ये रफार म च्या डोक्यावर, म्हणून जुन्या फाँटमध्ये तो म च्या नंतर, उच्चारात मात्र र आधी, म नंतर, आणि युनिकोड उच्चाराच्या बाजूचं. आता ‘धार्मिक’ घ्या. वेलांटी मागे न्यायची, रफार पुढे आणायचा, दोन्ही एकाच म भोवती. या एका शब्दावर तो पोरगा दोन दिवस अडला होता.

दुसरी अडचण इंग्रजी शब्दांची. लेखात एखादं खरंखुरं इंग्रजी नाव किंवा ईमेलचा पत्ता आला की कन्व्हर्टर त्यालाही देवनागरीचे आकार समजून त्याची वाट लावायचा. कारण दोन्हीकडे साठवलेली अक्षरं रोमनच. पण ताई इंग्रजी शब्द टाइप करताना फाँट बदलत होत्याच, कागदावर ते नीट दिसावेत म्हणून. तेव्हा त्यांच्याकडून नुसता मजकूर न घेता फाँटच्या खुणांसकट फाइल घेतली, आणि प्रश्न मिटला. ताईंना एकही नवी गोष्ट करावी लागली नाही. पुढे त्याच रस्त्याने जुने अंकही साइटवर आले, आणि शोधता येऊ लागले.

इथे एक जण विचारतील, की ताईंना युनिकोड शिकवणं योग्य नव्हतं का? होतं. पण तो संपादकांचा आणि ताईंचा प्रश्न होता, आणि त्यासाठी वाचकांना आणखी काही वर्षं थांबवायचं काही कारण नव्हतं.

आणखी एक प्रकार पटकन सांगतो. क्लायंट म्हणतो, बाहेरची एकही फाइल नको. फाँटसुद्धा आमच्याच सर्व्हरवर ठेवा. डेव्हलपर चिडतो, कारण गूगलचे फाँट एका ओळीत फुकट मिळतात. जानेवारी २०२२ मध्ये जर्मनीतल्या म्युनिकच्या न्यायालयाने एका साइट-चालकाला शंभर युरो भरपाई द्यायला लावली. कारण साइट उघडताच फाँट आणण्यासाठी वाचकाचा आयपी पत्ता त्याच्या संमतीशिवाय गूगलकडे जात होता. म्हणजे हेतू विचारायचा तो भांडायलाच असं नाही. कधीकधी तो आपल्यापेक्षा शहाणा निघतो.

आता एकूण कामाची पद्धत. वेबची रचनाच अशी आहे की बंधनं सोसायला ती तयार असते, आपण तिला तयार राहू दिलं तर. पानाचे तीन थर असतात: मजकूर आणि त्याची रचना सांगणारं एचटीएमएल, रूप सांगणारं सीएसएस, आणि हालचाल घडवणारं जावास्क्रिप्ट. ब्राउझरला एचटीएमएलमधली एखादी खूण कळली नाही तर तो ती ओलांडून आतला मजकूर दाखवतो. सीएसएसमधली एखादी आज्ञा कळली नाही तर ती सोडून पुढे जातो. जावास्क्रिप्ट मात्र इतकं क्षमाशील नाही. व्याकरणाची एक चूक, आणि ती अख्खी फाइल नाकारली जाते. तेव्हा ज्या थराला क्षमा ठाऊक आहे त्यावर घर उभं करायचं आणि बाकीचं वर चढवायचं. स्टीव्हन शाम्पियन यांनी २००३ मध्ये याला ‘प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट’ असं नाव दिलं. चढती भर म्हणा. फॉर्म आधी साधा, पाठवला की पान बदलणारा. तो चालला की मग त्यावर जावास्क्रिप्टची सोय, जिथे असेल तिथे. अशा साइटला क्लायंटने उद्या ‘जावास्क्रिप्ट नको’ म्हटलं तर एक मजला उतरवावा लागतो, पाया खोदावा लागत नाही.

‘जावास्क्रिप्ट नसलेले लोक आता आहेतच कुठे?’ असं मला हमखास ऐकवलं जातं. ब्रिटिश सरकारच्या डिजिटल खात्याने २०१३ मध्ये आपल्या साइटवर हे मोजलं. १.१ टक्के भेटींमध्ये जावास्क्रिप्टची भर पोचली नव्हती. त्यात ज्यांनी ते बंद ठेवलं होतं किंवा ज्यांच्याकडे ते नव्हतंच असे फक्त ०.२ टक्के. उरलेल्या ०.९ टक्क्यांच्या ब्राउझरमध्ये ते होतं, चालायला हवं होतं, पण चाललं नाही. नेटवर्क मध्येच तुटलं असेल, ऑफिसच्या फायरवॉलने फाइल अडवली असेल, कारणं अनेक. एसटीत बसून घाट उतरताना मोबाइलवर पान उघडणारा माणूस याच ०.९ मध्ये येतो. तेव्हा क्लायंटचं ते ‘मागास’ बंधन पाळून बांधलेली साइट या माणसालाही चालते. कांटने एका कबुतराची कल्पना केली आहे. हवेचा विरोध जाणवून त्याला वाटतं की निर्वात पोकळीत आपण आणखी छान उडू. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे सांगतो तेव्हा ते म्हणतात, सर, त्या कबुतराला इंटरनेट एक्सप्लोरर द्या मग कळेल. असो.

सगळी बंधनं पाळावीत का? नाही. इथे तो मीटिंगला न आलेला माणूस परत येतो. क्लायंट म्हणतो, आमचं जुनं सॉफ्टवेअर पासवर्ड जसेच्या तसे वाचतं, म्हणून ते तसेच साठवा. हेतू आहे, जिवंतही आहे. पण त्याची किंमत क्लायंट देत नाही आणि डेव्हलपरही देत नाही; देतो तो वाचक, ज्याने तोच पासवर्ड बँकेलाही ठेवलेला असतो आणि ज्याला कुणी विचारलेलं नसतं. गैरसोयीचं बंधन तुम्ही तुमच्या वेळेतून फेडू शकता. तिसऱ्याच्या नुकसानाचं बंधन फेडायचा तुम्हाला अधिकारच नाही. तिथे पर्याय सुचवायचा, मध्ये कन्व्हर्टरसारखा दुवा बांधता येतो का बघायचं, आणि नाहीच जमलं तर काम सोडायचं. सरकारी कामात ही लढाई थोडी सोपी आहे. केंद्र सरकारची वेबसाइटसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, त्यात अपंग वाचकांच्या सोयी लिहिलेल्या आहेत आणि त्यांच्याकडे बोट दाखवता येतं. खासगी कामात बोट स्वतःकडेच दाखवावं लागतं.

आणि लिहून ठेवा. कामाच्या कागदात प्रत्येक बंधनासमोर तीन गोष्टी: हेतू काय, तो कुणी सांगितला, आणि तो पुन्हा कधी तपासायचा. क्लायंटला हेतू माहीत नसेल तर ‘हेतू माहीत नाही’ असंच लिहा आणि त्याला वाचायला द्या. पुष्कळदा तेवढ्यानेच तो दोन फोन करून चौकशी करतो.

तारखेचा आग्रह मी का धरतो ते सांगून थांबतो. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला विंडोज दहाच्या नेहमीच्या आवृत्त्यांवरचा इंटरनेट एक्सप्लोरर बंद केला. पण जुनी सॉफ्टवेअर्स चालावीत म्हणून त्यांच्या नव्या एज ब्राउझरमध्ये एक्सप्लोररचा आतला भाग एका खास सोयीच्या रूपाने ठेवलेला आहे, आणि ती सोय किमान २०२९ पर्यंत राहील असं त्यांनी जाहीर केलं आहे. म्हणजे ‘साइट एक्सप्लोररमध्येच चालली पाहिजे’ ही अट घेऊन तुमच्यापैकी कुणाकडे आजही क्लायंट येऊ शकतो. त्याच्या कागदावर तिसऱ्या रकान्यात काय भरायचं, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.